सुनेचं तळं, सासऱ्याचं मीठ

काल्हेरच्या केसरीनाथांची जीभ गावात प्रसिद्ध होती. तिखट बोलण्यासाठी म्हणाल तर तशीही होतीच, पण ती गोष्ट निराळी. तरणेपणी त्यांनी खाडीकाठच्या मिठागरात तेवीस वर्षं काढली होती. वाफ्यातल्या पाण्यात करंगळी बुडवायची, जिभेवर टेकवायची आणि सांगून टाकायचं, "परवा मीठ बसंल." परवा म्हणजे परवाच. मालकाकडे पाण्याचा खारेपणा मोजायची काचेची नळी होती. नळी अधूनमधून चुकायची, केसरीनाथ चुकायचे नाहीत. ही काही त्यांची स्वतःची बढाई नव्हे, मालकच चार लोकांत सांगायचा.

पुढे मिठागर बंद पडलं. भाताच्या जमिनीवर गोदाम उभं राहिलं, घर दुमजली झालं, आणि त्या घरात चार दिवस सुखाचे बघायच्या आत बायको कमळा गेली. मुलगा दीपेश गोदामात सुपरवायझर. त्याची ड्युटी आज दिवसाची तर उद्या संध्याकाळची, घरात असला तरी झोपलेला. म्हणजे जागी माणसं घरात दोनच, केसरीनाथ आणि सून मृणाली. सुरुवातीला दोघं एकमेकांशी जेवणापुरतं बोलायची. भाजीत मीठ कमी आहे, एवढंच सासऱ्याचं बोलणं, आणि ते मात्र रोजचं.

लग्नाला सहा महिने झाले आणि मृणालीनं हॉलमध्ये तीन फुटांची काचेची टाकी आणून ठेवली.

"गावातली तली बुजवली समद्यांनी, आनि आता घरात तलं?" केसरीनाथ म्हणाले. "मासा कालवनात बरा दिसतो. काचंत कशाला?"

"हे खायचे नाहीत बाबा, बघायचे," मृणाली म्हणाली. तिनं वाद घातला नाही. खाली वाळू अंथरली आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक गवत काढून एकेक रोप वाळूत खोचायला बसली.

त्या गवताची गोष्ट केसरीनाथांना दीपेशकडून कळली. मृणालीचं माहेर पडघ्याच्या पलीकडे. घरामागे गोड्या पाण्याचं तळं होतं आणि तळाशी हे गवत उगवायचं, रिबिनीसारखी लांब, हिरवी पानं, पाण्याबरोबर डुलणारी. तिची आई आनंदीबाई तळ्याच्या पायरीवर धुणं धुवायची आणि लहानगी मृणाली शेजारी पालथी पडून त्या पानांत लपणारे मासे मोजायची. मृणालीच्या लग्नाआधीच्या वर्षी आनंदीबाई गेल्या. वर्षभरात तळंही विकलं गेलं आणि त्यात मातीचे डंपर रिकामे झाले. अर्धं तळं बुजलेलं असताना मृणाली गुडघाभर चिखलात उतरली आणि हाती लागलं तेवढं गवत मुळासकट उपटून घेऊन आली. टाकी येईपर्यंत भावाच्या घरी बादलीत जगवलं, मग सासरी आणलं. टाकी माशांसाठी नव्हतीच. टाकी होती त्या गवतासाठी. मासे नंतर आले, पाहुणे म्हणून.

हे ऐकल्यावर केसरीनाथ टाकीला काही बोलेनासे झाले. खुर्ची मात्र हळूहळू तिच्याकडे सरकली. आधी टीव्हीसमोर होती, मग मधे आली, मग अगदी काचेला लागली. मृणाली भाजी निवडत शेजारी बसायची आणि सांगायची. माशांची घाण हे गवत खातं, म्हणून पाणी नितळ राहतं. पोटुशी मासोळी याच पानांत शिरते, पिल्लं याच पानांत वाढतात, नाहीतर मोठे मासे गिळून टाकतात. दुपारी टाकीवरचा दिवा चालू असला की पानांच्या कडेनं बारीक बुडबुडे निघायचे, सरळ रांगेनं वर जायचे. "ते बघा बाबा, गवत श्वास सोडतंय," ती म्हणायची. केसरीनाथ चष्मा पुसून बघायचे.

ताप नव्हता असं नाही. खोटं कशाला सांगा. त्या गवताबरोबर चोरून एक गोगलगाय आली होती, तिच्या महिन्याभरात चाळीस झाल्या. दिवा जरा जास्त वेळ राहिला की काचेवर शेवाळ धरायचं. पानं पिवळी पडली की कुजायच्या आत काढावी लागायची. आणि वाढ तर अशी की पंधरा दिवसांनी कातरावंच लागे. कातरलेली पानं मृणाली कचऱ्यात टाकायला निघाली की केसरीनाथांच्या कपाळाला आठी. "जितं हाय ते," ते पुटपुटायचे. प्लास्टिकची झाडं लावली असती तर यातलं काहीच करावं लागलं नसतं, असं दीपेश एकदा म्हणाला. बायकोनं आणि बापानं एकाच वेळी त्याच्याकडे असं बघितलं की तो गपचूप चहा घेऊन आत गेला.

मृणालीला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, तसा रिवाजच. आई नव्हती, पण भावजय मायेची होती आणि न्यायला भाऊ स्वतः आला. शेजारच्या जानकीबाईंनी ओटी भरली. निघायच्या आधी मृणालीनं एक कागद लिहून टाकीच्या काचेला चिकटवला. दिवा सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. खाणं चिमूटभर. पिवळं पान दिसलं की काढायचं. आणि शेवटी, खाली रेघ ओढून, पाण्यात दुसरं काही टाकायचं नाही.

"बाबा," चपला घालता घालता ती म्हणाली, "मासे गेले तर दुसरे आणता येतील. गवत तेवढं जपा. ते आता कुठंच मिळणार नाही."

"तू जा बिनघोर," केसरीनाथ म्हणाले. "परत येशील तवा तुज्या आयचं गवत असंच डुलत आसंल. माजा शबुद."

महिनाभर सगळं कागदाप्रमाणं चाललं. नऊ वाजता दिवा लावायला ते पावणेनऊपासून बटणापाशी उभे. मग डिसेंबरात थंडी पडली आणि एके दिवशी काळ्या मॉली माशाच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले. दुसऱ्या दिवशी सगळ्याच माशांच्या अंगावर. मिठाचे कण भुरभुरावेत तसे, टपोरे. मासे वाळूवर अंग घासत होते.

आता दुसरा कुणी असता तर दुकानात गेला असता, कुणाला तरी विचारलं असतं. पण केसरीनाथ पडले मिठागरातले. त्यांच्या घरात घसा धरला तर मिठाच्या गुळण्या, पाय मुरगळला तर मिठाच्या पाण्याचा शेक, बैलाच्या खुराला जखम झाली तर मीठ, पोराला दृष्ट लागली तर मीठ. त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला. दुसरं काही टाकायचं नाही. पण मीठ म्हणजे का काही झालं? मीठ म्हणजे मीठ. ते स्वयंपाकघरात गेले, खड्या मिठाची बरणी आणली आणि चार मुठी टाकीत सोडल्या. मिठाच्या बाबतीत त्यांचा हात जन्माचा मोकळा. दुसऱ्या दिवशी आणखी चार मुठी, तिसऱ्या दिवशीही चार.

पाचव्या दिवशी ठिपके गेले. मासे टुणटुणीत होऊन फिरायला लागले. केसरीनाथांनी नाक्यावर जाऊन चहाच्या टपरीवर ही हकिकत तीनदा सांगितली.

सहाव्या दिवशी गवत काचेसारखं पारदर्शक दिसायला लागलं. सातव्या दिवशी पानं बोटात धरली की शेंबडासारखी गळून यायची. आठव्या दिवशी सकाळी टाकीला कुजका वास होता आणि सगळे मासे वर येऊन तोंडं उघडमीट करत होते. हिरवं म्हणून काही उरलं नव्हतं. केसरीनाथ खुर्चीत बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. दीपेश ड्युटीवरून आला, त्यानं टाकी बघितली आणि म्हणाला, "जाऊ द्या बाबा, गवतच तर होतं." त्यावर ते असे खवळले की दीपेश दचकला. शिवी देऊन झाल्यावर ते तोंड फिरवून मोरीत गेले.

नारपोलीला मजीदभाईंचं मत्स्यालयाचं दुकान होतं. त्याच गाळ्यात आधी त्यांचे कापडाचे लूम होते. लूम भंगारात गेले आणि त्या जागी काचेच्या टाक्या आल्या, पण आयुष्यभर लूमच्या खडखडाटात बोलल्यामुळे मजीदभाई अजूनही शेजारच्या माणसाशी चौकाच्या पलीकडे ऐकू जाईल असं बोलत. केसरीनाथ रिक्षानं तिथे पोचले आणि त्यांनी सगळं सांगितलं.

"किती मीठ, दादा?"

"चार मुठी. तीन दिस."

मजीदभाई पहिल्यांदाच हळू बोलले. "मासे वाचले?"

"समदे."

"म्हणजे मिठानं आपलं काम केलं. गलत काही नाही. पण जित्या झाडांचं हेच तर आहे दादा. पाणी साफ ठेवतील, माशांना लपायला जागा देतील, हवा देतील. पण मासा बीमार पडला की टाकीत दवा टाकायची सोय नाही. माशाला चालतं ते झाडाला चालत नाही. बीमार मासा बादलीत काढायचा, तिथं मीठ द्यायचं, टाकीला हात लावायचा नाही. नकली झाडं असती तर काय वाटेल ते टाका, मरायची नाहीत."

"जिती नसतात, मग मरतील कशी," केसरीनाथ म्हणाले.

मजीदभाईंनी मान हलवली. मग ते आत गेले आणि पाण्यानं भरलेली पिशवी घेऊन आले. पिशवीत तेच गवत होतं. तीच लांब पानं, तोच हिरवा रंग, अगदी तेच. "कुर्ल्याच्या मार्केटमधून येतं. एकच जात आहे. आधी कुजकं सगळं काढा, अर्धं पाणी बदला, मग हे लावा. सुनेला कळणार नाही."

केसरीनाथांनी पिशवी घेतली.

संध्याकाळपर्यंत टाकी पुन्हा हिरवी झाली. दुसऱ्या दिवशी रविवार होता, मृणालीचा व्हिडिओ कॉल आला. पोट आता खूप पुढे आलेलं, चेहरा थकलेला. "बाबा, टाकी दाखवा ना," ती म्हणाली. दीपेशनं फोन टाकीकडे धरला. पलीकडे तिनं आपला फोन अगदी डोळ्यांजवळ नेला. मग ती म्हणाली, "किती छान ठेवलंय हो तुम्ही. मला आज आईची इतकी आठवण येत होती ना. हे बघितलं आणि आई भेटल्यासारखं वाटलं." ती डोळे पुसत होती.

केसरीनाथ फोनच्या मागे उभे होते. त्यांना वाटलं, आपण या पोरीच्या हातात दुसऱ्याच कुणाची तरी आई दिली.

कॉल संपला तसे ते टाकीपाशी गेले. बाह्या सरसावल्या आणि दुकानातलं गवत एकेक करून उपटायला लागले. त्या बिचाऱ्याचा काही गुन्हा नव्हता, म्हणून ते त्यांनी गच्चीवरच्या टबात स्वच्छ पाण्यात सोडलं. शेवटचं रोप मागच्या कोपऱ्यात होतं. ते काढताना त्यांची बोटं वाळूत खोल गेली आणि कशाला तरी अडली. त्यांनी हलकेच ओढलं. ते सुटेना. जन्मभर भाताची रोपं उपटली आणि लावली होती त्यांनी, मेलेलं मूळ ओढलं की हातात येतं आणि जितं मूळ माती सोडत नाही, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. त्यांनी वाळू जराशी बाजूला केली. वर काही नव्हतं, नुसता कुजका खुंट. पण खाली पांढरी, टणक मुळं होती, जुन्या गवताची. त्यांनी वाळू परत लोटली आणि हात बाहेर काढला.

मग त्यांनी करंगळी पाण्यात बुडवून जिभेवर टेकवली. पाणी अजून खारं होतं.

त्या दिवसापासून केसरीनाथांनी एकच धंदा केला. मीठ आपणहून कुठं जात नाही, पाणी उडतं आणि मीठ मागं राहतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार. रोज सकाळी टाकीतलं अर्धी बादलीच पाणी काढायचं, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं तेवढंच पाणी हळूहळू ओतायचं, मग करंगळी आणि जीभ. जिन्यात पाय घसरला तरी बादली सोडली नाही. जानकीबाई म्हणाल्या, "दादा, नुसत्या वालूला कसली चाकरी करता?" ते उद्याची बादली भरायला गेले.

मृणालीला ते सांगणार होते. पण तिचे दिवस भरत आलेले, अशा वेळी कसं सांगायचं? जानेवारीत तिला मुलगी झाली. ओल्या बाळंतिणीला तरी कसं सांगायचं? ती फोनवर विचारायची, "बाबा, गवत कसं आहे?" आणि ते म्हणायचे, "हाय." एवढंच. टाकी दाखवायची वेळ आली की त्यांना नेमका खोकला यायचा. फोन ठेवल्यावर त्या रात्री जेवण जायचं नाही. घरात माणसं तीनच उरलेली, आणि त्यातली एक आपल्यावर विसंबून गेली होती. ती परत आल्यावर पुन्हा जेवणापुरतंच बोलायला लागली तर काय, या विचारानं ते खुर्ची परत टीव्हीसमोर नेऊन बसायचे आणि टीव्ही लावायचा विसरायचे.

सव्वा महिना झाला आणि मृणाली बाळाला घेऊन आली. दारात भाऊ, दीपेश, हातात पिशव्या. जानकीबाई भाकरतुकडा घेऊन पुढं झाल्या. तो ओवाळून टाकला आणि म्हणाल्या, "दादा, दृष्ट काढायला मीठ आना पाहू. खडं आना."

केसरीनाथ स्वयंपाकघरात गेले. बरणी समोर होती. त्यांचा हात पुढं गेला आणि तसाच राहिला. ते रिकाम्या हातानं परत आले आणि उंबऱ्याच्या आत उभे राहिले.

"पोरी, आत पाय टाकायच्या आधी ऐक," ते म्हणाले. "तुज्या आयचं गवत मी मारलं. मासे आजारी पडले नि मी मीठ टाकलं. तुनं लिवून ठेवलं व्हतं, तरी टाकलं. फोनवर तुना दाखवलं ते दुकानातलं व्हतं. मी शबुद दिला नि मी खोटं दाखवलं. मना आता काय बोलायचं ते बोल."

मृणालीनं बाळ खांद्याशी नीट धरलं आणि त्यांच्या बाजूनं आत गेली, सरळ टाकीपाशी.

मासे होते, सगळेच्या सगळे. वाळू उघडी होती. ती खाली वाकली. मागच्या कोपऱ्यात, वाळूतून जेमतेम वर आलेली, बोटाच्या पेराएवढी तीन पानं होती. कोवळी, पोपटी.

मग तिची नजर काचेवरच्या कागदावर गेली. तिच्या चार ओळींच्या खाली कुणीतरी लिहीत गेलं होतं, जड हाताचं, वाकडंतिकडं अक्षर. रोजची तारीख आणि पुढं एक शब्द. खारं. खारं. खारं. कागद पुरला नाही म्हणून खाली दुसरा जोडलेला. थोडं खारं. थोडं खारं. मधे एका दिवशी, ज्या दिवशी नात झाली त्या दिवशीही, खारं. शेवटी आठवडाभर एकच शब्द होता, गोडं. आणि परवाच्या तारखेपुढं, पान आलं. काल, दुसरं. आज सकाळी, तिसरं.

मृणाली ते सगळं वाचेपर्यंत उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही रोज हे पाणी चाखलंत? गोगलगायींचं?"

"मंग दुसरं कसं कलनार," केसरीनाथ म्हणाले.

ती रडता रडता हसली. मग बाळाचं तोंड तिनं काचेकडे वळवलं. "हे बघ गं सोने. हे तुझ्या आजीचं गवत. आणि हे तुझ्या आजोबांचं पाणी."

जानकीबाई डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "अरे पन दृष्ट काढायची राहिली ना लेकराची. मीठ कुटं हाय?"

"काकू, तुम्ही नको," मृणाली म्हणाली. "बाबा काढतील."

"माज्या हातचं मीठ?" केसरीनाथांनी विचारलं.

"तुमच्याच हातचं. मासे त्यानंच जगले ना?"

दीपेशनं बरणी आणून दिली. केसरीनाथांनी झाकण काढलं आणि जन्मभर मुठीनं मीठ टाकणारा तो माणूस बरणीत डोकावून एकेक खडा निवडायला लागला. मोजून सात खडे घेतले, बारीकच घेतले.

"एवढंसंच, दादा?" जानकीबाई म्हणाल्या.

"पुरे," ते म्हणाले. "ल्हान जीव हाय."